मेलेल्या माणसाच्या नावाचा शिक्का

मी पितळेचा शिक्का. बोलायला बसलोय खरा, पण माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

नगरच्या एका कारागिराने माझ्या तोंडावर 'जैनुद्दीन' हे नाव कोरलं. शेवगावात जैनुद्दीनचाचांचं बियाण्याचं दुकान होतं. बाजरी निवडून पोत्यात भरली की तोंड शिवायचं, गाठीवर तापलेली लाख सोडायची आणि वर मला दाबायचं. चटका बसायचा. पण गिऱ्हाईक मला बघूनच पोतं उचलायचं, त्याची मला भारी ऐट!

चाचा वारले, मुलगा गनीभाई दुकानात बसला. नवा शिक्का करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बापाचं नाव तेच दुकानाचं नाव, अशीच बाजाराची रीत होती.

पुढे लढाईच्या दिवसांत कारभारीनानांची पेरणी उगवली नाही. नाना मोठे बागाईतदार. बियाणं वाईट होतं की ओल कमी पडली, मला काय ठाऊक? ते तणतणत आले, भांडले, आणि कुणीतरी त्यांचे कान भरले. मेलेल्या माणसाचा शिक्का मारून गनीभाईने बनावट केली, फसवलं, अशी फिर्याद झाली. पोलिसांनी मला उचललं. म्हणे खोटा शिक्का! अहो, मी तर तोच होतो, जन्मापासूनचा.

गनीभाईने तुरुंगाची अशी धास्ती घेतली की अन्न गोड लागेना. त्याची बायको शरिफाभाभी दाराशी पाऊल वाजलं तरी दचकायच्या. शेवटी वकिलांनी मुंबईच्या हायकोर्टात अर्ज केला. तिथे म्हणे न्यायाधीशांनी विचारलं, फिर्यादीतलं सगळं खरं धरलं तरी फसलं कोण? जैनुद्दीनच्या मयतीला गेलो होतो, असं नानांनीच फिर्यादीत लिहून दिलेलं; म्हणजे शिक्का मेलेल्याचा, हे त्यांना ठाऊकच होतं. बियाण्याचं भांडण असेल तर दिवाणीत जा, त्यासाठी माणसाला गुन्हेगार करू नका, असं म्हणून त्यांनी फिर्यादच रद्द केली.

मी घरी आलो. गनीभाईने मात्र स्वतःच्या नावाचा नवा शिक्का करून घेतला आणि मला फळीवर ठेवलं. मग मी खरा ठरलो की खोटा? कुणी सांगेना.

परवा कारभारीनाना बियाण्याला आले. होय, तेच. पोत्यावरची लाख बघून म्हणाले, "ह्यो कुनाचा शिक्का? म्हाताऱ्याचा मार. त्याबिगर मी पोतं उचलायचो न्हाई."

"नाना, त्याच्यापायीच तुमी मला कोर्टात नेलंत."

"ते कोर्टातलं झालं. ह्यो बाजार हाय."

गनीभाईने ताजी लाख सोडली, मला हातात घेतलं. लाख थिजली, तरी मी गाठीच्या वर अधांतरीच. कोर्टाने सोडलेला माणूस मला दाबायला अजून का धजत नाही, एवढं तरी मला कुणी समजावून सांगा.