कांताचा पान्हा

रिकाम्या स्टीलच्या पेल्यात दुधाची धार पडली की आधी एक बारीक, टणक नाद उठतो, आणि पेला भरत गेला की तोच नाद मऊ होत होत विझून जातो. कांता आठवली की मला आधी हा नाद ऐकू येतो. चेहरा मागाहून येतो. आणि तो चेहरा तरी मी पुरता कुठे पाहिला होता? सदैव मास्कच्या आड. वर फक्त दोन डोळे, जागरणाने तांबारलेले.

साथीच्या त्या काळात नव्या बंदिजनांना थेट तुरुंगात नेत नसत. अंबाजोगाईच्या वाटेवरचं, मुली घरी गेल्यामुळे ओस पडलेलं एक वसतिगृह तात्पुरतं कारागृह म्हणून घेतलं होतं. नव्याने येणाऱ्याने तिथे मुदतभर विलग राहायचं आणि तपासणी स्वच्छ आली की मगच खऱ्या तुरुंगात जायचं. मी तिथे शिपाई होते. व्हरांड्यात आश्विनातलं पिवळं, चिकट ऊन दिवसभर पडलेलं असायचं, औषधफवारणीचा उग्र दर्प कपड्यांतून जायचा नाही, आणि कुणी साधं खोकलं तरी साऱ्या खोल्या एकदम गप्प व्हायच्या. तुरुंगात माणूस निदान तुरुंगात तरी असतो. इथे तो कुठेच नसायचा.

कांता तेलगावकडची, ऊसतोड करणाऱ्या घरातली. बांधावरच्या भांडणात चुलत दिराला कोयता लागला आणि नवरा-बायको दोघंही आत आली. कुणी मारलं, कसं मारलं, ते न्यायालय बघेल. मला दिसत होतं ते एवढंच की तिचं लेकरू अंगावर पिणारं होतं आणि ते बाहेर सासूपाशी राहिलं होतं. कायद्याने लेकरू आईजवळ तुरुंगात राहू शकतं. विलगीकरणात मात्र त्याला मज्जाव होता. तेव्हा मुदत संपेपर्यंत छातीतलं दूध आटू द्यायचं नाही, हे एकच व्रत तिने घेतलं होतं.

सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून ती पेल्यात दूध पिळायची. ते मोरीत ओतायला मात्र तिची तयारी नसायची. अंगावरचं दूध पायदळी गेलं, त्याला मुंग्या लागल्या की पान्हा आटतो, असं तिच्याकडच्या बाया मानतात; ते झाडाच्या बुडाशी घालायचं असतं. तिला खोलीबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तिने मला विनवलं. मी आधी खेकसलेच. दुधाच्या खेपा घालायला का सरकारने मला नेमलं होतं? पण माझीही दोन बाळंतपणं झालेली आहेत, आणि ठणकणारी छाती म्हणजे काय हे नियमावलीला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक आहे. गेले मुकाट्याने. अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी पेला रिता करायचा, मुंग्यांची रांग दिसली तर, हसू नका, काडीने ती दुसरीकडे वळवायची आणि वर माती लोटायची. पुढे पुढे सांगावंही लागेना; मीच हात पुढे करायचे.

आठवड्यातून एकदा फोन मिळायचा. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचं बोलणं सुरू झालं की मागून लेकराचं रडणं यायचं, आणि त्या क्षणी कांताच्या पोलक्यावर ओल पसरत जायची. तिच्या ओठांवर शब्द येण्याआधी देह उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मी तिकडे पाठ करायचे. मला भडभडून यायचं आणि वर्दीत रडलेलं बरं दिसत नाही.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. खोलीत नवी बाई आली की आधीच्यांचीही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, आणि बाया तर येतच राहिल्या. तिला वेगळी खोली द्या म्हणून मी साहेबांशी भांडले. खोली शिल्लक नव्हती. आणि रोग तुरुंगात शिरला तर तिथे शेकडो माणसं एका भिंतीआड आहेत, असं ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं, हाच तर संताप.

दसरा झाला आणि समोरच्या रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, आणि त्या पसाऱ्यावर बसलेली माणसं. प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला कांता ताठ व्हायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरातला तो कोयता आत पडला होता आणि मुकादमाची आगाऊ उचल अंगावर होती, तेव्हा थकलेल्या सासूसासऱ्यांनाच टोळीसोबत जावं लागणार होतं, आणि लेकरू गावात ठेवायचं तर कुणापाशी? टोळी हलण्याआधी आपली विलगीकरणातून सुटका व्हावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

अखेर तपासणी स्वच्छ आली. लेकरू घेऊन या, हे सांगायला मी तिथूनच आत्याबाईंना फोन लावला. पलीकडे उसाची सळसळ होती. मुकादमाने वाट पाहिली नव्हती. टोळी कर्नाटकच्या हद्दीत पोचून फडात उतरली होती. आता कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे उन्हाळा तोंडावर येईपर्यंत, परतणं नव्हतं.

मी फोन तिच्या हाती दिला. आत्याबाई सांगत होत्या, शेळीचं दूध मानवलंय, अंगानं भरलाय, पाचटात रांगत असतो दिवसभर. मागे ते पोर खिदळत होतं. कांता फोन कानाशी गच्च दाबून कितीतरी वेळ ते खिदळणं ऐकत राहिली. पोलकं कोरडं होतं. मग ती अगदी हळू म्हणाली,

"आत्याबाई, त्याला जरासं रडवा की."

पलीकडे ऊस तुटत राहिला. मग म्हातारीचा आवाज आला,

"आता न्हाई गं रडत त्यो."

त्याच दुपारी मी तिला तुरुंगाच्या गाडीत बसवून दिलं. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगते, विचारायचं धाडसही झालं नाही. काळ दुःख हलकं करतो म्हणतात. करतोही, पण त्याने आधी लेकराचं हलकं केलं, आणि लेकराने जे विसरून टाकलं, ते एकटीने आठवत राहायचं आईच्या वाट्याला आलं.