मेलं शेवाळ

सासूबाईंच्या तोंडात दिवसातून पन्नासदा 'मेलं' यायचं. मेलं दार, मेली चप्पल, मेला तो शेजारी. घरात त्या शब्दाला कोणी भीक घालत नसे.

सून समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत कामाला. रविवारी सकाळी तिने खडकावरचं शेवाळ बादलीत आणून न्हाणीघरात ठेवलं आणि उरलेली तयारी करायला परत गेली. सोमवारी ते प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना जिवंत दाखवायचं होतं. बाईंना पटलं तर नोकरी कायम, नाही तर महिन्याअखेर घरी.

पण न्हाणीघरात वास सुटला. वास जायचा तर वस्तू वाळवावी, एवढं शास्त्र सासूबाईंनाही येत होतं. त्यांनी शेवाळाची एकेक लांब पट्टी पिळली आणि चिमटे लावून गच्चीतल्या दोरीवर टांगली, नवऱ्याच्या दोन बनियनांच्या मधोमध.

चार वाजता पाहतात तर पट्ट्या काळ्याठिक्कर. एकीला हात लावला तर कड्कन तुटली. सासूबाई तडक आत गेल्या.

"तुमच्या सुनेची नोकरी वाळली," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"चिमटे काढून टाक. मी काही पाहिलं नाही," सासरे तोंडावरच्या वर्तमानपत्राखालून म्हणाले.

तेवढ्यात सून आली. "आई, बादलीतलं कुठंय?"

"ते शेवाळ मेलं."

"हो, तेच मेलं शेवाळ. कुठं ठेवलंत?"

"अगं, मेलं."

"तुम्हाला काय मेलं नसतं, आई?"

"शिवी नाही देत. खरंच मेलं. मी मारलं."

एवढं कबूल करायची पाळी सासूबाईंवर उभ्या संसारात आली नव्हती. सून गच्चीत गेली. दोरीवरच्या पट्ट्या एकेक करून काढू लागली.

"कधी टांगलंत?"

"अकराला. आता मलाही टांग तिथंच."

सुनेने बरोबर आणलेला समुद्राच्या पाण्याचा कॅन टबात ओतला आणि पट्ट्या त्यात सोडल्या. दोघी टबाशी बसल्या.

"हे वरच्या खडकावरचं आहे," सून म्हणाली. "ओहोटीला रोज वाळतं. खालच्या खडकावरचं असतं तर गेलंच असतं. पण इतकं कडक मीही कधी वाळवलं नाही."

"आणि ऊन सोसतं कसं?"

"झेपत नाही त्या उजेडाची उष्णता करून टाकून देतं. अगदीच वाळलं की काम बंद करून पडून राहतं."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या जातीचं."

आत वर्तमानपत्र खसखसलं.

तासाभरात पट्ट्या मऊ झाल्या. सासूबाईंना त्याचं कौतुक नव्हतं. "भिजवलं तर जुनं चामडंही मऊ होतं," त्या म्हणाल्या. मग सुनेने शेवाळ उजेडात किती काम करतंय ते मोजायचं छोटं यंत्र पिशवीतून काढून एका पट्टीला टेकवलं. आकडा तळाशीच होता. थोड्या वेळाने पुन्हा टेकवलं. आकडा चढला होता. तिसऱ्यांदा आणखी.

"कामाला लागलं, आई." सुनेने आकडा त्यांच्यापुढे धरला. "उद्या बाईंना हेच दाखवते. पाच तास उन्हात दोरीवर, तरी उठलं."

"माझं नाव घेऊ नकोस."

"मग कोणी टांगलं म्हणू?"

"वाऱ्याने."

"चिमटे लावून?"

सासूबाईंनी टबात बोट घालून एक पट्टी हळूच दाबून पाहिली.

"जिवंत आहे मेलं," त्या म्हणाल्या.