कोणता पंख वर आहे?

मी एक जुने भिंग आहे. मित्रांनो, आकाराने मी अंगठ्याच्या पेराएवढे. पण वस्तू दहापट मोठी करून दाखवते. माझ्या तीन काचा एकमेकींना इतक्या नेमक्या चिकटवल्या आहेत की चित्राच्या कडेला रंगांची झालर उमटत नाही. काम संपले की मी पितळी कवचात दुमडून बसते. माझ्यापुढे काहीही धरा, जे असेल तेच दाखवीन. एवढा भरवसा मला स्वतःबद्दल आहे.

माझी पहिली नोकरी चाकणच्या एका कारखान्यात झाली. तिथे धम्मरत्न नावाचे तपासनीस धातू कापायच्या टूलची धार माझ्यातून पाहत. काम सुरू करण्याआधी ते मला मऊ कापडाने पुसत. मग कॅमेऱ्याचे यंत्र आले आणि माझे काम सुटले. धम्मरत्न यांनी मला पिंपरीला घरी आणले. टीव्हीखालच्या खणात चाव्या, संपलेले सेल आणि तुटके चार्जर यांच्यात मी पडून राहिले.

तिथून मला त्यांच्या मुलीने, मिनलने, बाहेर काढले. ती प्राणिशास्त्र शिकत होती. पुनावळ्याला दोन इमारतींमध्ये एक मोकळा प्लॉट आहे. पावसाळ्यानंतर तिथे गुडघाभर गवत माजते. तिथे मी पुन्हा कामाला लागले. नाकतोड्याचे कान डोक्यावर नसतात, पोटाच्या बाजूला असतात, हे मी तिला दाखवले. झेंडूचे एक फूल म्हणजे खरे तर पुष्कळ चिमुकल्या फुलांचा गुच्छ, हेही दाखवले. रुईचे पूर्वी वेगळे कूळ मानत. शास्त्रज्ञांनी पुन्हा बारकाईने तपासले आणि तिला कण्हेर-सदाफुलीच्या कुळात नेऊन बसवले. वर्गीकरण असेच चालते. पुन्हा पाहायची तयारी ठेवावी लागते.

पण मिनलने नवा फोन घेतला आणि मी बॅगेच्या तळाशी गेले. फोटो काढायचा, ॲपला विचारायचे, की नाव हजर.

एकदा मात्र ॲप गप्प बसले. गवतात आखूड पंखांचा एक तपकिरी नाकतोडा सापडला होता. पंख इतके तोकडे की पाठीवर चार पाकळ्या चिकटवल्यासारखे. मिनलचा वर्गमित्र ओंकार म्हणाला, "ॲपलाच माहीत नाही, म्हणजे जात नवीन आहे. नाव शोधायला लाग, राव."

मिनलने नाव घरी जाऊन ठरवले. "आजी, याला तुझं नाव देणार."

गिरजाबाईंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. "माझ्या नातीनं किडा हुडकलाय. त्याला गिरजा म्हणायचं हाय," असे त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

कॉलेजच्या परिषदेसाठी पोस्टर तयार झाले आणि छापायला गेले. पोस्टरशेजारी लावायचे पंखाचे एक रेखाचित्र तेवढे बाकी होते. फोटोत कडा धूसर येत होत्या, म्हणून मिनलने बॅग उपसली, मला काढले आणि वडील पुसत तसे पुसले. मग मला डोळ्याशी नेले आणि नाकतोड्याची बरणी हळूहळू जवळ आणली.

मी तिला दाखवले ते असे. मोठ्या नाकतोड्याचा पुढचा पंख वर असतो आणि मागचा त्याच्याखाली घडी घालून असतो. इथे उलटे होते. मागच्या पंखाची पाकळी वर, पुढची खाली. पंख फुटू लागलेल्या पिल्लातच असे दिसते. पंख आखूड नव्हते, ते अजून वाढायचे होते.

"ओंकार, हे पिल्लू आहे," ती शेजारी बसलेल्या ओंकारला म्हणाली.

"पोस्टर छापायला गेलंय, मिने. तिथे पंखाखाली कोण बघणार आहे?"

"ज्याच्याकडे भिंग आहे तो."

"आणि आजींना काय सांगणार? पेढे परत मागणार?"

मिनलने मला बोटांत एकदा उघडले, मिटले. मग तिने छापखान्यात फोन करून काम थांबवले.

गिरजाबाईंना सांगताना तिने बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मंजी ते अजून लेकरू हाय?"

"हो."

"मग मोठं झाल्यावर कसं दिसतंय, ते तरी दाव मला."

बरणी खिडकीत ठेवली. आत रोज ताजे गवत. एका सकाळी गिरजाबाईच ओरडल्या, "मिने, तुझं लेकरू झंपर काढतंय बघ."

तो काडीला उलटा लटकून कात टाकत होता. चुरगळलेले पंख हळूहळू लांबले, वाळले आणि मिटले, तेव्हा पुढचा पंख वर आला होता. आजीने मला डोळ्याला लावून सगळे पाहिले. ओंकारही आला. त्याने पाहताक्षणी कपाळाला हात लावला. "हा तर आपल्या पार्किंगमध्ये बसतो तोच आहे."

नवे पोस्टर लागले, त्यात पिल्लाचा मोठा नाकतोडा कसा होतो ते होते. खाली कागदासारखी कोरडी कात चिकटवली होती आणि शेजारी दोऱ्याने मी लटकत होते. लोक रांगेने मला उचलून पंख पाहत होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत व्यस्त दिवस.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठल्यातरी खणात माझ्यासारखे कोणी पडले असेल. त्याला काढा, मऊ कापडाने पुसा. आणि कोणालाही नाव चिकटवण्याआधी, त्याचे वाढायचे अजून राहिले आहे का, तेवढे नीट पाहा.

परिषद संपल्यावर आजी आणि मिनल पुनावळ्याला गेल्या. बरणीचे झाकण काढले, तरी नाकतोडा काठावरच बसून राहिला. गिरजाबाईंनी बरणीला टिचकी मारली.

"जा गं गिरजे," त्या म्हणाल्या.

तो उडाला.