सुईनं टोचलेली ओळ

मी भिंतींवर अक्षरं रंगवते. आधी दुकानांच्या पाट्या करायचे, आता लोकांच्या घरांतल्या ओळी. हल्ली ज्याला त्याला भिंतीवर शहाणपण हवं असतं. 'हसत राहा' लिहून घेतात आणि मी शिडीवरून उतरायच्या आत नवरा-बायको पडद्यांच्या रंगावरून भांडतात. आपल्याला काय, अक्षर सरळ आल्याशी मतलब.

परवा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवाकोरा फ्लॅट, दारासमोरची भिंत मोकळी. "आमच्या डेकोरेटर ताईंचा पेंटर आजारी पडला," त्या म्हणाल्या, "आणि मला दम निघत नाही. बाजारात तुमची पाटी पाहिली, केला फोन. कागद ताईंनी ठेवलाय, तुम्ही फक्त भिंतीवर उतरवा."

माझी सख्खी मोठी बहीणही डेकोरेटर आहे. पण गावात डेकोरेटर काय थोडे आहेत? मी गुंडाळी उलगडली.

'उशीर झाला तरी चालेल, ये.'

माझ्या नवऱ्याचं अक्षर होतं ते.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जे बोलायचं ते लिहून. तो गेला त्या दुपारी मी एका शाळेच्या भिंतीवर चढले होते, दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. त्यानं माझ्या ताईच्या हातून ही चिठ्ठी पाठवली. मी म्हटलं, दोनच शब्द राहिलेत, आलेच. ते दोन शब्द संपवून पोचले, तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढली होती.

पुढे मी ती ओळ मोठी करून कागदावर काढली, माझ्या खोलीत लिहायला. आमची पद्धत अशी, की अक्षरांच्या रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि रंगीत पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात, त्यावरून ब्रश फिरवायचा. भोकं मी पाडली, पण पुरचुंडी काही हातात धरवेना. कागद घरात ठेववेना, फेकवेना. शेवटी ताईला दिला. म्हटलं, सांभाळ, आणि कुणापाशी बोलू नकोस. तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं, ताई, माझं चुकलं का गं? ती म्हणाली, "वेडी आहेस का? तुझी काडीइतकी चूक नाही." त्या एका वाक्यावर मी रोज सकाळी उठून कामाला लागले.

दिला तेव्हा कागद पांढराशुभ्र होता. आता भोकाभोकांत निळी पूड, तिच्यावर विटकरी, तिच्यावर कोळशाची काळी. भिंत बदलली की पूड बदलते. म्हणजे किती भिंती झाल्या असतील! कडा फाटल्या होत्या, तिथं चिकटपट्ट्या.

"छान आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या दोन मैत्रिणींकडे हीच आहे. ताई तिची गोष्टही सांगतात."

"कसली गोष्ट?"

"एका बाईचा नवरा शेवटच्या घटका मोजत होता हो. त्यानं ही चिठ्ठी पाठवली. तर बाई गेलीच नाही! तिला आपलं काम मोठं. ताई म्हणतात, बाहेर पडताना रोज हे वाचावं, म्हणजे आपलं तसं होत नाही."

 मी शिडीची पायरी धरली. तेवढ्यात दार ढकलून ताईच आत आली, दोन्ही काखांत उशा. मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि उशा खाली ठेवल्या.

"तू इथं कशी?"

"कामाला आलेय. माझं काम मोठं ना!"

डॉक्टरीणबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागल्या. ताईनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"इथं तमाशा करू नकोस. लोकांना आवडते ती ओळ. माझ्या कपाटात वाळवी लागली असती, ते बरं होतं का? तुझं नाव घेतलं का मी कुठं?"

"तेवढं कशाला बाकी ठेवलंस? खाली फोटोही लाव माझा!"

"हळू बोल."

"तू मला काय सांगितलं होतंस, ताई? काडीइतकी चूक नाही?"

ती ओट्यावरून हात फिरवत राहिली. "अन्नपाणी सोडलं होतंस तू. तेव्हा दुसरं काय सांगणार होते?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि या लोकांना तरी मी खोटं काय सांगितलं? नाहीच आलीस तू."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. भाजीवाल्यापासून कंत्राटदारापर्यंत सगळे टरकून असतात. त्या वेळी मात्र मी सरळ बाहेरच्या खोलीत आले. मी कागद गुंडाळला, काखेत मारला आणि चपला घातल्या.

"अहो, मग भिंतीवर काय लिहायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ताईंना विचारा. त्यांना गोष्टी छान येतात."

चार जिने उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. कागद उघडून वाचला. इतकी वर्षं मला वाटायचं, तो माझ्यावर रागावून गेला आणि ताईनं मला माफ केलं. त्यानं तर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, उशीर झाला तरी चालेल. माफ केलं नव्हतं ते ताईनं.