घासलेली राणी

“राणीसाहेबांना घासून टाका, मास्तर. राजेसाहेबांना हात लावू नका,” छापखान्याचे मालक म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून दारातल्या शिपायाकडे बघू लागले.

राजाने दुसरं लग्न केलं होतं. थोरलीचं काय झालं, यावर ब्र काढायची सोय नव्हती. राज्य सुखात आहे हे लोकांना कळावं म्हणून घरोघरी राजाराणीची छापील तसबीर लावायचा हुकूम होता. आता जुन्या तसबिरी गोळा करून जाळत होते आणि त्याच धडावर नवं मुंडकं बसवायचं होतं. सरकारचा संसार असा सोपा.

ती जोडी छापायच्या दगडी शिळेवर मास्तरांनीच काढली होती. थोरली राणी समोर बसायला तयार नव्हती आणि मुदत तर डोक्यावर आलेली. मग मास्तरांनी आपल्या बायकोलाच खुर्चीत बसवलं. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलट उमटतं. राजा त्यांनी बरोबर उलटा काढला. बायकोकडे बघता बघता मात्र भान राहिलं नाही. दिसली तशीच काढली. कागदावर तिचं वाकडं हसू भलत्याच गालावर गेलं.

“आरशात दिसते तश्शीच आलेय की मी!” ती खूश होऊन म्हणाली होती. पुढे बाळंतपणात गेली. तिचं दुसरं चित्र नव्हतं. मुलगी घरातल्या तसबिरीलाच आई म्हणत मोठी झाली. कालच शिपाई तीही घेऊन गेले.

दुपारी मुलगी डबा घेऊन आली.

“इकडे ये बाळा. आईला बघून घे.”

“रोज तर बघत होते, बाबा.”

“ती आरशातली. मला दिसायची ती ही.”

मुलगी दगडावर वाकली. बराच वेळ वर बघेना.

“नका ना घासू.”

“मी नाही घासली तर दुसरा कुणी घासेल. तो खसाखसा घासेल गं.”

मास्तर हलक्या हाताने घासू लागले. मुलगी तांब्याने पाणी सोडत राहिली. कपाळ गेलं, डोळे गेले, मग ते हसू गेलं. करडं पाणी दगडावरून खालच्या बादलीत उतरलं.

“ओतून ये,” मास्तर म्हणाले.

मुलगी बादली उचलून मोरीपाशी गेली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.