एडनाची टोपी

क्लबच्या हॉलमध्ये पोर्क पाईचे तुकडे कापून ठेवले होते, बिअरचे पेले फिरत होते, आणि जॅनीन हेस्लॉपला पडद्याच्या दोरीपाशी उभं केलं होतं. मैदानावरच्या उडीच्या खड्ड्याला नॉर्मन पिकरिंगचं नाव द्यायचं होतं. पाटी उघडणार कोण? त्याची लाडकी शिष्या.

गेट्सहेडात तिहेरी उडी म्हटलं की अजून जॅनीनचंच नाव निघायचं, आणि पाठोपाठ उसासा. ऑलिंपिकच्या निवडीला, शेवटच्या उडीत तिचं बोट फळीपलीकडे गेलं, लाल झेंडा वर झाला, उडी बाद. संघात गेली नॉर्मनची लेक हेदर. जॅनीनने कुणाला बोल लावला नाही. पाय माझा, चूक माझी, म्हणाली; पुढच्या निवडीआधीच गुडघा गेला आणि तिने बूट खुंटीला टांगले. नॉर्मनला मात्र ती बापाच्या जागी मानत राहिली.

तिची आई एडना भिंतीवरचे जुने फोटो न्याहाळत होती. ब्याऐंशीची बाई, पण जिभेची धार तशीच.

"अगं, ये इकडे! हा तोच निवडीचा दिवस. आणि ही बघ माझी टोपी, हवेत!"

"आई, टोपीपुराण आज नको."

"का नको? कोरी करकरीत टोपी! तू धावायला उभी, मी तुझ्या मागे बाकावर. आला वारा, आणि टोपी तुझ्या डोक्यावरून थेट वाळूत! तुझ्याआधी पोचली मेली. पदक तिला द्यायचं."

दर नाताळात टर्कीच्या ताटावर हेच ऐकून जॅनीन हसायची, जेवायला आलेला नॉर्मनही हसायचा. आज हसली नाही. फोटोत वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी टम्म फुगून खड्ड्याकडे ताणलेली. शेजारी नॉर्मन, हात पुढे केलेला; तेव्हाचे त्याचे शब्द तिला आठवले: वारा समोरून आहे, खूण पुढे घे.

उडी मारणाऱ्याने पिशवी बघायची नाही, नजर फळीवर ठेवायची. वारा बघणं प्रशिक्षकाचं काम, ही नॉर्मनचीच शिकवण. समोरून वारा असला तर धाव सुरू करायची खूण फळीकडे पुढे घ्यायची, पाठीमागून असला तर मागे. पाठच्या वाऱ्यात खूण पुढे घेतली, तर पाय फळीपलीकडेच पडणार.

ती फोटो काढून नॉर्मनपुढे गेली.

"वारा कुठून होता, नॉर्मन?"

त्याने फोटो पाहिला आणि पेला खाली ठेवला. "पोरी, किती जुनी गोष्ट."

"कुठून होता?"

"हेदरचं वय निघून चाललं होतं. तुला पुढच्या वेळी मिळालं असतं गं."

"पुढच्या वेळेपर्यंत माझा गुडघा राहिला का?"

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "चल जॅनीन, दोन शब्द बोल!"

तिने माइक घेतला आणि आईच्या टोपीची गोष्ट सांगितली, आईच्याच थाटात, पदकासकट. हॉल खदखदून हसला. मग ती म्हणाली, "आणि नॉर्मनने मला सांगितलं, वारा समोरून आहे, खूण पुढे घे."

सगळे उड्या मारलेले लोक. हसणं एकेका टेबलावर विझत गेलं. हेदरने हातातला काटा खाली ठेवला आणि बापाकडे पाहिलं. बाप ताटाकडे बघत होता.

जॅनीनने दोरीला हात लावला नाही.

एडना उठली, कोट चढवला. "चल गं घरी," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी मूर्खासारखी ही गोष्ट हसण्यावारी सांगत होते, आणि हा मेला माझ्याच टेबलाशी बसून हसत होता."