कोऱ्या वाफ्यातली दहा कणसं

त्या दिवशी संशोधन केंद्राच्या शेडमध्ये बाबांनी चाळीस कणसं सोलली आणि मी नाकाला रुमाल बांधून आकडे लिहिले. त्यांचा मदतनीस आजारी होता, म्हणून मी. स्वीट कॉर्नमधल्या अळीवर चार औषधं तपासायची होती. प्रत्येक औषधाचा वाफा वेगळा, आणि एक वाफा मुद्दाम न फवारलेला. त्याला बाबा ‘कोरा’ म्हणत. कोऱ्यात अळ्या निघाल्या तरच बाकीच्या वाफ्यांतल्या शून्याला अर्थ.

"एक, चांगली जाडजूड," बाबा सांगत. "हिने भावंडं खाल्लीत बघ. बहुतेक कणसांत शेवटी एकच उरते."

"बाबा, नका ना दाखवू."

पाला ओढला की शेंड्याशी ओला, पिवळट चोथा दिसे. अळीची विष्ठा. आंबूस वास घशात बसायचा. बाबा तो चोथा बोटाने निपटून काढत, बोट पँटला पुसत आणि त्याच हाताने बिस्किट पुढे करत. ते बिस्किट मी लहानपणापासून टाळत आले होते. "पोट भरलंय," म्हणायचे.

पाचच्या सुमारास त्यांचे डोळे दुखू लागले. "कोऱ्यातली दहा तेवढी तू सोल गं. मी पंप धुऊन येतो."

पहिल्या कणसाचा पाला मी जरासा ओढला. आत काहीतरी मऊ वळलं. मी पाला परत दाबला, दहाही कणसं गोणीत टाकली आणि वहीत एकाखाली एक दहा शून्यं काढली.

बाबांनी वही डोळ्यांजवळ धरली. "कोऱ्यात एकही नाही? सगळ्या रजेवर गेल्या की काय? डोळ्यांत तेल घालून पाहिलंस ना?"

"हो, बाबा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. शेडमधल्या टेबलाशी सापडले तेव्हा हातात अर्धवट सोललेलं कणीस होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

दोन आठवड्यांनी मी त्यांचा चष्मा आणायला केंद्रावर गेले. बाबांच्या साहेबांनी वही पुढे सरकवली. माझ्या शून्यांशेजारी बाबांचे पेन्सिलीतले आकडे होते: एक, दोन, एक, एक, तीन, एक, एक. खालच्या तीन ओळी रिकाम्या.

"कणसं आम्ही त्याच दिवशी फेकली, फार घाण सुटली होती," साहेब म्हणाले. "आता तुमचे आकडे धरू की त्यांचे? त्यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. मोजण्यात चूक झाली असं लिहितो आणि चाचणी बाद करतो. तुम्हाला उगाच त्रास नको."

टेबलाच्या कडेला तो पिवळा चोथा वाळून चिकटला होता. मी नखाने खरवडला. वास तसाच होता.

"चूक त्यांची नाही," मी म्हणाले. "मी कणसं उघडलीच नव्हती. मला किळस आली. अळ्यांची. आणि त्यांच्या हातांचीसुद्धा यायची, लहानपणापासून. पोट कधीच भरलेलं नसायचं."